आमची मुठा आणि शरदांतील एक जलविहार

ऋतूंचें वर्णन करतांना आपल्या ग्रंथकारांनीं शरदाला मोठा मान दिला आहे. कालिदासाच्या ‘ऋतुसंहारां’त त्याचा स्वतंत्र सर्ग आहे, भागवताच्या दशम स्कंधांत वर्षेच्या पाठोपाठ शरद येतो. परंतु या काव्यमय गौरवापेक्षां वैद्यकग्रंथांनीं केलेला गौरव गृहस्थाश्रमी माणसास अधिक जवळचा वाटावा. दिवसा सूर्याच्या किरणांनीं तापलेलें, रात्रीं चंद्राच्या किरणांनीं निवलेलें आणि अगस्त्य ताऱ्याच्या उदयानें निर्विष झालेलें असें जें शरदांतील पाणी, त्यास चरक व वाग्भट यांनीं ‘हंसोदक’ असें नांव दिलें आहे. तें पिण्यास तर उत्तमच, पण स्नानास आणि जलक्रीडेसहि प्रशस्त मानलें आहे.

अगस्त्याच्या उदयानें पाणी निवळतें, असें आज कोणी म्हणणार नाहीं. दोन गोष्टी एकाच सुमारास घडतात, इतकेंच. सह्याद्रीवरील पाऊस भाद्रपदाच्या अखेरीस ओसरतो, नद्यांचा वेग मंदावतो आणि वेगाबरोबर वाहून येणारा गाळ तळाशीं बसतो. मात्र डोंगरांच्या पोटांत मुरलेलें पाणी झऱ्यांवाटें पाझरत राहिल्यामुळें प्रवाह खंडत नाहीं. पाणी भरपूर, परंतु आवरतें आणि निर्मळ, असा योग वर्षांतून एवढ्या दोन महिन्यांतच येतो. आषाढ-श्रावणांत नाव घालण्याचा नावाड्यास धीर होत नाहीं, आणि चैत्र-वैशाखांत ती तळास टेकते. म्हणून नौकाविहार करावयाचा तर तो आश्विन-कार्तिकांतच, असें जाणते लोक सांगत आले आहेत.

हें वाचून आमच्या शनिवार पेठेंतील एखाद्या वाचकानें, ‘मग आपण ओंकारेश्वराच्या घाटावरूनच नावेंत कां बसूं नये?’ असा प्रश्न केला, तर त्यास हंसतां येणार नाहीं. नदी पेठेच्या कडेनेंच वाहते. लकडी पुलापासून नव्या पुलापर्यंत तिच्या कांठानें चालत जाण्यास अर्धा तास पुरे. ओंकारेश्वराचें पेशवाईंतील देऊळ, त्याच्या किल्ल्यासारख्या भिंती आणि पाण्याकडे उतरणाऱ्या पायऱ्या अद्याप उभ्या आहेत. घाट आहे, नदी आहे, शरदहि दरवर्षीं येतो. नाहीं ती फक्त नाव. ती कां नाहीं, याचा विचार या महिन्यांत करावा असें योजिलें आहे.

प्रथम हें सांगितलें पाहिजे, कीं जुन्या पुण्याचा मुठेशीं संबंध नावेचा असा फारसा नव्हताच. पेठांस पिण्याचें पाणी आलें तें नानासाहेब पेशव्यांनीं कात्रजच्या तलावापासून बांधून आणलेल्या नळांतून. वाड्यावाड्यांतील हौद त्याच पाण्यानें भरत. नदी होती ती स्नानसंध्येची, धुण्याची आणि अखेरच्या प्रवासाची. ती ओलांडण्यास १७६१ सालीं, पानिपतानंतर, लांकडी पूल झाला. त्याचे दगडी कमानींत रूपांतर होऊन आज पावणेदोनशें वर्षें उलटलीं, तरी नांव मात्र लकडी पूलच राहिलें. दुसऱ्या टोकाचा ‘नवा पूल’ १९२३ सालीं उघडला. शंभर वर्षें उलटूनहि तो आमच्या तोंडीं नवाच आहे. पेशव्यांची जलक्रीडा चाले ती मुठेंत नव्हे, तर पर्वतीच्या पायथ्याशीं नानासाहेबांनीं खणविलेल्या तळ्यांत. त्या तळ्यांतील बेटावर सवाई माधवरावांच्या वेळीं गणपतीची स्थापना झाली. आज तळें बुजून तेथें सारसबाग झाली आहे. तरी त्या गणपतीस ‘तळ्यांतला गणपति’ म्हणणारीं माणसें अजून भेटतात.

पुण्याच्या नदीवर हौसेनें वल्हीं मारण्याची प्रथा पडली ती इंग्रजी अमलांत, आणि तीहि आमच्या पेठेपासून खालच्या अंगास, मुळा-मुठेच्या संगमाच्या पलीकडे. तेथें नाव चालण्याचें कारण नदीच्या स्वभावांत नसून एका बंधाऱ्यांत आहे. सर जमशेटजी जिजीभाई यांच्या मोठ्या देणगींतून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास नदीवर बंधारा बांधण्यांत आला. बंडगार्डन हें नांव त्या बंधाऱ्यावरूनच पडलें. त्याच्यामागें पाणी तुंबून संगमापर्यंत लांबट तळें तयार झालें आणि साहेबलोकांनीं त्यावर आपला ‘बोट क्लब’ थाटला. पुढें १८५४ सालीं स्थापन झालेल्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या विद्यार्थ्यांनींहि त्याच पाण्याचा लाभ घेतला. त्यांची ‘रिगाटा’ १९२८ सालापासून प्रसिद्ध आहे. नावांची बाणाच्या आकाराची रचना करून सायंकाळच्या प्रकाशांत तीं मुलें जेव्हां एका तालावर वल्हीं मारतात, तेव्हां कांठावर बसलेल्या पुणेकरांस क्षणभर आपली नदी परत मिळाल्यासारखें वाटतें. परंतु त्या पाण्यावरहि जलपर्णीचें जाळें पसरतें, आणि जेथें मैल्यामुळें पाण्यास खत मिळतें तेथें ही वनस्पति किती माजते हें सांगावयास नको.

बंधाऱ्यानें संगमास नाव दिली. वरच्या बाजूस झालेल्या धरणांनीं आमच्या घाटासमोरचें पाणी अडविलें. खडकवासल्याचें धरण १८७९ च्या सुमारास पुरें झालें. त्यानंतर आंबी नदीवर पानशेत, मोसेवर वरसगांव आणि खुद्द मुठेवर टेमघर अशीं तीन धरणें झालीं. या चारांची मिळून साठवण सुमारें २९ टीएमसी, म्हणजे २९ अब्ज घनफूट आहे, आणि त्यांपैकीं खडकवासल्याचा वांटा जेमतेम दोन अब्जांचा. पावसाळ्यांत धरणें भरलीं कीं दारें उघडतात, भिडे पूल पाण्याखालीं जातो, आणि तो गेलेला पाहण्यास निम्मी पेठ छत्र्या घेऊन कांठावर जमते. पाऊस थांबला कीं दारें बंद होतात. म्हणजे ज्या दिवशीं ग्रंथांतील शरद सुरू व्हावा, नेमक्या त्याच दिवशीं मुठेचें वाहणें थांबतें. मागें राहतो तो खडकांमधील ओहोळ, आणि तोहि नाल्यांनीं आणून सोडलेल्या सांडपाण्याचा. आमच्या नदीस वर्षा आहे, ग्रीष्म आहे. मधला शरद तिच्या पंचांगांतून गळला आहे.

संगमावर तिला भेटणाऱ्या मुळेची कथा याहून निराळी नाहीं. मुळशीच्या धरणाविरुद्ध १९२१ सालीं सुरू झालेला सत्याग्रह आणि त्यांतील सेनापति बापटांचें नेतृत्व महाराष्ट्रास विसरतां येण्याजोगें नाहीं. तें पाणी घाटाखालीं भिरा येथें उतरवून त्यावर वीज निर्माण करतात आणि मग तें कुंडलिका नदींत सोडतात. तें सोडलें म्हणजे कोलाडजवळ तरुण मंडळी रबरी तराफ्यांतून उसळत्या प्रवाहावर खेळतात. गंमत अशी, कीं मुळेच्या पाण्यावर नाव चालते. फक्त ती कोंकणांत चालते!

तेव्हां शरदांतील मुठा पाहावयाची तर ती जेथें अडविली आहे तेथेंच गेलें पाहिजे, असा विचार करून गेल्या कार्तिकांत आमच्या घरच्या मंडळींनीं आवळीभोजनाचा बेत पानशेतकडे केला. आवळीभोजन हा आपल्या घरांतील मोठा शहाणपणाचा कुळाचार आहे. एरवीं स्वयंपाकघर न सोडणाऱ्या बायकांस आणि पुस्तकांत मान घालून बसलेल्या मुलांस वर्षांतून एकदां तरी झाडाखालीं आणून बसविण्याचें काम तो करतो. थोरल्या काकूंपासून धाकट्या नातवापर्यंत आम्ही चौदा माणसें होतों. बरोबर दशम्या, तिळाची चटणी, दहीभात, ओल्या नारळाच्या वड्या आणि पाण्याचे दोन मोठे पिंप होते. पाण्याकडे जावयाचें आणि पाणी घरून न्यावयाचें, हा विनोद धाकट्या वहिनींनीं केला. पण त्यांतील बोच सर्वांस जाणवली.

पुण्यापासून सुमारें चाळीस किलोमीटरवर तानाजीसागराच्या कांठीं आम्हीं एक नाव ठरविली. नावाडी साठीचा होता. त्यानें सर्वांस तरंगण्याचीं जाकिटें घालावयास लावलीं. काकूंनीं नऊवारीवर तें जाकीट चढवून घेतलें आणि मुलांचें हंसणें शांतपणें सोसलें. येथें गृहिणींस एक सांगावेंसें वाटतें. अशा सहलींत जाकिटांचा कंटाळा करूं नये. ज्या नावेंत माणसांच्या संख्येइतकीं जाकिटें नसतील, तींत बसूं नये. आणि नाव पाण्यावर असतांना मुलांस उभें राहूं देऊं नये.

नाव कांठापासून सुटली तेव्हां नऊ वाजले होते. पाण्यावर वाऱ्याची एवढीशी लहर होती. दोन्ही बाजूंस डोंगरांच्या उतारांवर गवत सोनेरी होऊं लागलें होतें. खाचरांतून भाताची कापणी चालली होती, आणि कापणाऱ्या बायकांचा आवाज पाण्यावरून जवळ बोलल्यासारखा ऐकूं येत होता. दगडावर शेपटी हालवीत धोबी पक्षी फिरत होते. एका वाळक्या खोडावर पाणकावळा पंख पसरून ऊन खात बसला होता. नाव जसजशी पश्चिमेकडे गेली, तसतसे डोंगर जवळ येऊं लागले आणि त्यांचीं प्रतिबिंबें नावेखालून सरकूं लागलीं. मुलांनीं ओंजळींत पाणी घेतलें. तें इतकें स्वच्छ होतें, कीं तळहाताच्या रेषा त्यांतून दिसत होत्या. धाकट्यानें विचारलें, “काकूआजी, हें कोणत्या नदीचें पाणी?” काकू म्हणाल्या, “आपल्याच नदीचें. ओंकारेश्वराला दिसतें ना, तीच ती.” मुलाचा विश्वास बसला नाहीं. त्याला दोष कसा द्यावा?

काकूंचें माहेरहि शनिवार पेठेंतलेंच. १९६१ च्या जुलै महिन्याच्या १२ तारखेस पानशेतचें नवें मातीचें धरण फुटलें, त्याच्या लोंढ्यानें खडकवासल्याचें जुनें धरणहि फुटलें, आणि तें सारें पाणी पुण्यावर आलें. त्या वेळीं काकू तेरा वर्षांच्या होत्या. नावेंत बसल्या बसल्या त्यांनीं मुलांस ती हकीकत सांगितली: चुलीवरची आमटी तशीच टाकून आई कशी निघाली, पाणी जिना चढूं लागलें तेव्हां सर्वजण छपरांवरून मागच्या आळीला कसे गेले, आणि तिसऱ्या दिवशीं परतल्यावर देवघरांतील टांक चिखलांतून चाळणीनें कसे शोधावे लागले. “घर राहिलें होतें, पण घरांत घरासारखें कांहीं नव्हतें,” असें म्हणून त्या थांबल्या.

नावाडी इतका वेळ ऐकत होता. त्यानें इंजिन बंद केलें, आणि वल्ह्यानें पाण्याकडे दाखवून तो म्हणाला, “आजी, आमचं जुनं गाव हितंच खाली हाय. माझ्या आज्याचं घर, देऊळ, समदं. तुमच्याकडं पाणी आलं नि एका दिसात गेलं. आमच्याकडं आलं, त्ये ऱ्हायलं.”

नावेंत कोणी बोललें नाहीं. पाण्यावर नुसता वल्ह्याचा थेंब टपकण्याचा आवाज होता. जरा वेळानें काकू म्हणाल्या, “खरं आहे हो.” दुपारीं कांठावरच्या आवळीखालीं पानें मांडलीं तेव्हां त्यांनीं पहिलें पान त्या नावाड्यास वाढलें, आणि तो संकोचानें ‘मागनं बसतो’ म्हणूं लागला तेव्हां, “तुम्ही इथले घरचे, आम्ही पाहुणे, आधीं तुम्ही बसा,” असें म्हणून त्यास बसविलें. आमच्या घरांत कुळाचाराच्या पंक्तीचा क्रम मोडण्याचा प्रसंग यापूर्वीं आलेला नव्हता. तो मोडला तेव्हां कोणासच त्यांत वावगें वाटलें नाहीं.

या दिवसापासून एक गोष्ट आमच्या मनांत पक्की झाली आहे. पुलावरून नदी पाहणें आणि नावेंतून नदी पाहणें यांत मोठें अंतर आहे. पुलावरून आपण नदीस ओलांडतों. नावेंत आपण तिच्या स्वाधीन असतों. म्हणून नावेंत बसलेल्या माणसास तिच्याविषयीं प्रश्न पडतात: हें पाणी कोठून आलें, कोणाच्या शेतावरून आलें, आणि आपल्या घरून पुढें तें कोणत्या रूपांत जातें? आमच्या नळास येणाऱ्या प्रत्येक घागरीमागें कोणाचें तरी गांव तळाशीं आहे. ती घागर वापरून झाल्यावर तिचें पाणी आम्ही ज्या अवस्थेंत नदीस परत करतों, तें पाहिलें म्हणजे लाज वाटते. उसनें आणलेलें भांडें न घांसतां परत करणें आपल्या घरांत कोणी खपवून घेईल काय?

धरणें पाडावींत, असें येथें सुचवावयाचें नाहीं. चार पेठांचें पुणें आज केवढें विस्तारलें आहे हें सर्वांस दिसतें. शिवाय खडकवासल्याच्या कालव्यावर दौंड-इंदापूरपर्यंतचा शेतकरी अवलंबून आहे. साठविलेलें पाणी सगळेंच नदींत सोडा म्हणणारा मनुष्य स्वतःचा नळ प्रथम बंद करावयास तयार असला पाहिजे. परंतु सर्व साठवावें आणि नदीस कांहींच देऊं नये, हाहि न्याय नव्हे. कार्तिकस्नानापुरता, निदान थोडा, वाहता प्रवाह तिच्या वांट्यास ठेवणें हें धर्मासहि धरून आहे आणि शास्त्रासहि. कारण वाहत्या पाण्यांतच हवा मिसळते, मासळी जगते आणि घाण पचते.

त्याहूनहि निकडीचें काम सांडपाण्याचें आहे. शहराला जेवढें पाणी लागतें, त्यांतील बहुतेक सांडपाणी होऊन परत येतें. तेंच जर पूर्ण शुद्ध करून नदींत सोडलें, तर धरणाचें एक दारहि न उघडतां मुठा बारमाही वाहूं शकेल. महापालिकेनें जपानी कर्जाच्या साहाय्यानें मैलापाणी शुद्ध करणारीं नवीं केंद्रें बांधण्याची योजना हातीं घेतली आहे. तिला केंद्र सरकारची मंजुरी २०१६ सालीं मिळाली. दुसरी योजना ४४ किलोमीटर नदीकांठ सुशोभित करण्याची असून तिचा कोनशिला समारंभ ६ मार्च १९२२ रोजीं नव्हे, तर पुरत्या शंभर वर्षांनीं, ६ मार्च २०२२ रोजीं झाला. इतका उशीर आम्हांस आमच्या नदीची आठवण होण्यास लागला! या दोहोंपैकीं पहिलें काम आधीं व्हावें, असें आमचें स्पष्ट मत आहे. नव्या पायऱ्या, बागा व दिवे यांनीं कांठ शोभेल. परंतु पायऱ्या उतरून जावयाचें तें कशाकडे, हा प्रश्न पाण्यानेंच सुटावयाचा आहे. लग्नाचा मांडव उत्तम सजविला आणि वधू आजारी, असें होऊं नये.

सरकारी कामांविषयीं बोलणें सोपें असतें. घरचें काम मात्र आपलें आपणच पाहावें लागतें. देवाचें निर्माल्य पिशवींत बांधून पुलावरून नदींत भिरकावणें ही भक्ति नव्हे. घराच्या मागील अंगणांत किंवा गच्चीवरच्या कुंडींत त्याचें खत होतें, आणि तेंच तुळशीस घालतां येतें. गणपतीचें विसर्जन हौदांत केल्यानें देव रागावत नाहीं, हें आतां पेठेंतील जुन्या घरांनींहि मान्य केलें आहे. तिसरी गोष्ट बायकांनींच मनावर घेण्याजोगी आहे. पाणी येण्याच्या दिवशीं ‘शिळें’ म्हणून पिंपेंच्या पिंपें ओतून देण्याची पद्धत आपल्या घरांतून गेली पाहिजे. पानशेतच्या तळ्यांत जें पाणी चार महिने साठून राहतें, तें आमच्या घरीं एका रात्रींत शिळें कसें होतें, हें कोडें काकूंनीं परत आल्यावर आमच्या सर्व सुनांस घातलें. उत्तर कोणास देतां आलें नाहीं. त्या दिवसापासून ओतणें मात्र थांबलें.

आणि शेवटचें, मुलांविषयीं. ज्यांचें घर नदीच्या हांकेवर आहे, त्या मुलांस नदी म्हणजे नाक दाबून ओलांडण्याची जागा एवढेंच ठाऊक असावें, ही शिक्षणांतील मोठी उणीव होय. त्यांस वर्षांतून एकदां, शरदांत, वाहत्या किंवा निदान निर्मळ पाण्यावर नावेंत बसवावें. मग ती पानशेतला असो, वाईजवळ कृष्णेवर असो, कीं कोंकणांतील एखाद्या खाडींत असो. परत आल्यावर त्यांस ओंकारेश्वराच्या घाटावर न्यावें आणि दोन्ही पाण्यांतला फरक स्वतःच्या डोळ्यांनीं पाहूं द्यावा. उपदेश करूं नये. ज्यानें एकदां आपल्या नदीच्या पाण्यांतून तळहाताच्या रेषा पाहिल्या आहेत, तो मोठा झाल्यावर काळ्या ओहोळावर समाधान मानणार नाहीं. मुठेस तिचा शरद परत मिळावयाचा असेल, तर तो अशा मुलांच्या हट्टानेंच मिळेल. आणि हट्ट कसा करावा हें शनिवार पेठेंतील मुलांस शिकवावें लागत नाहीं.